बावीस मिनिटांचा कॉल आणि दहा माणसं: आपत्कालीन नियंत्रण कक्षातलं एक प्रकरण

हे प्रकरण रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षातलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून जागा, काळ आणि माणसांच्या खुणा काढल्या आहेत. अशा कक्षांमध्ये पुन्हा पुन्हा घडणाऱ्या काही गोष्टीही याच प्रकरणात ओवल्या आहेत. माणसांना क, ख, ग, घ अशी अक्षरं दिली आहेत. आकडे या प्रकरणापुरतेच आहेत, ते सरासरी म्हणून दुसरीकडे वापरू नयेत.

पार्श्वभूमी

कक्ष चोवीस तास चालतो. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. प्रत्येक पाळीत कॉल घेणारे सहा जण, गाड्या रवाना करणारे दोघे आणि एक पाळीप्रमुख असतो. गाडीवर चालक आणि ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) अशी जोडी जाते. कॉल नीट हाताळला गेला का हे रेकॉर्डिंग ऐकून तपासणारे दोन गुणवत्ता तपासनीस दिवसपाळीत बसतात.

आधाराची व्यवस्था कागदावर होती. भिंतीवर हेल्पलाइनचा क्रमांक, वर्षातून एकदा ताणतणावावर दोन तासांचं व्याख्यान, आणि सकाळी 10 ते संध्याकाळी 5 या वेळेत भेटणारे एक समुपदेशक. त्यांची वेळ घ्यायची तर पाळीप्रमुखाकडून सुटका मागावी लागे, आणि ती मागताना कारण सांगावं लागे. रात्रपाळीच्या माणसाला झोप मोडून यावं लागे. आदल्या वर्षभरात समुपदेशकांकडे एकही जण गेला नव्हता. व्यवस्थापनाने त्याचा अर्थ ‘गरज नाही’ असा लावला होता. ही चूक फार ठिकाणी होते, म्हणून सुरुवातीलाच नोंदवतो: वापर शून्य असेल तर आधी वाट तपासावी, माणसांची गरज नंतर.

घटना

रात्रपाळीत एका आईचा कॉल आला. चार वर्षांचं मूल पाण्याच्या टाकीत पडलं होतं, बाहेर काढलं होतं, श्वास नव्हता. कॉल क यांनी घेतला. पत्ता विचारला, लगेच सीपीआर सांगायला सुरुवात केली: आधी श्वास, मग छातीवर दाब. फोनवरून सीपीआर सांगताना दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120 राहावा म्हणून कॉल घेणारा स्वतः मोठ्याने मोजतो. क यांनी मोजायला सुरुवात केली.

आईने सांगितलेल्या नावाच्या दोन वस्त्या होत्या. पडद्यावर पहिली आपोआप निवडली गेली आणि ख यांनी गाडी तिकडे पाठवली. सात मिनिटांनी चालकाचा संदेश आला की इथे कुणीच नाही. क यांनी मोजणी न थांबवता जवळची खूण विचारली, ख यांनी दुसरी गाडी वळवली. पहिली गाडीही तिकडे निघाली. कॉल बावीस मिनिटं चालला, त्यातली साधारण एकोणीस मिनिटं मोजणी होती. गाडीवरच्या माणसांनी मूल हातात घेतलं आणि फोन बंद झाला.

चाळीस सेकंदांत क यांच्या हेडसेटमध्ये पुढचा कॉल आला. रांग आपोआप चालते, ती कुणाची वाट पाहत नाही. पाळी संपेपर्यंत त्यांनी आणखी 31 कॉल घेतले. मूल गेल्याचं त्यांना सकाळी कळलं, तेही जिन्यात एका चालकाच्या तोंडून, जाता जाता.

पहिले चार दिवस

सकाळी साठ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश गेला: घडलेलं दुःखद आहे, कुणाला काही लागलं तर निःसंकोच सांगा. खाली हात जोडल्याची चिन्हं आली. साठ जणांच्या देखत कुणी ‘मला लागतंय’ असं लिहीत नाही. संदेश मनापासूनच पाठवलेला होता, पण त्यातून आधार मागण्याची जबाबदारी सर्वांत थकलेल्या माणसावर पडली.

क दुसऱ्याच रात्री वेळेआधी हजर झाल्या. ख यांनी दोन दिवस आजारपणाची रजा टाकली. पहिल्या गाडीवरचे ईएमटी ग यांचं रुग्णालयात एका परिचारिकेशी भांडण झालं. तपासनीस घ यांनी त्या कॉलचं रेकॉर्डिंग चौकशीसाठी चार वेळा ऐकून लेखी उतरवलं. या चार गोष्टी चार वेगळ्या वह्यांत नोंदल्या गेल्या: हजेरीपट, रजेचा अर्ज, तक्रारवही, तपासणीचा अहवाल. एकाच घटनेचे धागे म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी कक्षप्रमुख, वैद्यकीय सल्लागार, समुपदेशक आणि आस्थापना अधिकारी एकत्र बसले. आस्थापना अधिकाऱ्याची त्या बैठकीतली हजेरी पुढे महागात पडली.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रस्ताव सगळ्यांना सभागृहात बसवून सक्तीचं डीब्रीफिंग करण्याचा, म्हणजे घडलेलं आणि मनातलं बोलून काढायला लावण्याचा होता. काहीतरी केल्याचं त्यातून दिसतं आणि एका दुपारी काम उरकतं, म्हणून असा प्रस्ताव बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी येतो. या पद्धतीचा प्रसिद्ध आराखडा जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये मांडला. त्यात ठरलेले टप्पे होते आणि तो आपत्कालीन सेवेतल्या माणसांच्या गटांसाठीच होता. पण एकाच बैठकीत प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याच्या वैयक्तिक डीब्रीफिंगचा 2002 सालचा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा) सांगतो की त्याने पुढचा आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) टळल्याचं दिसत नाही. उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2018 ची मार्गदर्शिका तर त्यासाठी मानसशास्त्रीय डीब्रीफिंग देऊच नका असं स्पष्ट म्हणते.

या प्रकरणात दोन ठोस धोके होते. क यांनी फक्त ऐकलं होतं, ग यांनी पाहिलं होतं. ग यांनी वर्णन केलं असतं तर क यांच्या कानातल्या आवाजाला चित्र जोडलं गेलं असतं. दुसरं म्हणजे, पत्त्याची चौकशी चालू होती. ज्याने गाडी पाठवली आणि जे उशिरा पोचले ते एकाच खोलीत बसले असते, तर बोलण्याचं रूपांतर उलटतपासणीत व्हायला पाच मिनिटंही लागली नसती. प्रस्ताव बाजूला ठेवला गेला.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण तो न कळल्याने काही ठिकाणी पाळीनंतरचं सगळंच बोलणं बंद केलं जातं. पाळी संपताना दहा मिनिटं उभ्या उभ्या कामाबद्दल बोलणं, म्हणजे काय घडलं, कुठे अडलं, उद्या काय बदलायचं, यावर कुणाचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत, मनातलं सगळं बाहेर काढायला लावण्यावर.

मागेल त्याला समुपदेशक देण्याचा दुसरा पर्याय आधीच्या वर्षाने निकालात काढला होता. तिसरा होता सगळ्यांना आठवडाभर सक्तीची रजा. त्यावर बरीच चर्चा झाली. विश्रांती गरजेची होती, पण सक्तीची रजा ही चौकशी चालू असताना निलंबनासारखी वाचली जाते. शिवाय माणूस आपल्या कामाला ओळखणाऱ्या सोबत्यांपासून तुटतो. रजा उपलब्ध ठेवायची, लादायची नाही, असं ठरलं.

चौथा पर्याय निवडला गेला: प्रत्येकाशी प्रशिक्षित सहकाऱ्याने वेगळं बोलायचं, कामाच्या रचनेत लगेच बदल करायचे, महिनाभर लक्ष ठेवायचं आणि गरज दिसली तर उपचाराकडे पोचवायचं. सहकाऱ्यांमार्फत अशी पडताळणी करण्याची ट्रिम नावाची पद्धत ब्रिटिश रॉयल मरीन्समध्ये 1990च्या दशकात घडली. तिच्यात पहिलं बोलणं घटनेनंतर तीन दिवसांनी आणि दुसरं सुमारे 28 दिवसांनी होतं. तीन दिवसांच्या आत कशाला नाही? कारण पहिल्या रात्रींत झोप उडणं, डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि त्यावरून पुढचं काही सांगता येत नाही. त्या काळात साधं मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत ते तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. पाणी, घरी सोडणं, खरी माहिती, कुणीतरी सोबत. या कक्षात पहिल्या तीन दिवसांत तेही झालं नव्हतं.

अडचण अशी की कक्षात प्रशिक्षित सहकारी एकही नव्हता. दुसऱ्या विभागातून दोघांना बोलावलं. ते सहाव्या दिवशी आले.

यादी

बैठकीत सुरुवातीला चार नावं होती: दोन गाड्यांवरचे दोन चालक आणि दोन ईएमटी. समुपदेशकांनी कागदावर चार रकाने आखले: कानाने कुणी अनुभवलं, डोळ्यांनी कुणी, हातांनी कुणी, आणि नंतर कागद-रेकॉर्डिंग कुणाच्या पुढ्यात आलं. वीस मिनिटांत नावं दहा झाली. क, ख आणि पाळीप्रमुख. क यांच्या शेजारी बसून स्वतःचे कॉल घेताना ती मोजणी ऐकत राहिलेली सहकारी. गाड्यांवरचे चौघे. गाडी धुणाऱ्या सफाई कर्मचारी. आणि घ.

या एका कागदाने पुढच्या सगळ्या गोष्टी बदलल्या. सफाई कर्मचारी कंत्राटी होत्या, समुपदेशनाच्या योजनेत त्यांचं नाव बसत नव्हतं. त्यांना गाडीत स्ट्रेचरखाली एक लहान बूट सापडला होता. तो कुणाला द्यायचा हे कळेना म्हणून त्यांनी तो पाच दिवस आपल्या कपाटात ठेवला होता. “मावशी, तुम्हाला कुणी विचारलं का?” असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मला कशाला कोण विचारेल?” योजनेच्या अटी नंतर बदलू, आधी त्यांच्याशी बोलू, असा निर्णय कक्षप्रमुखांनी जागेवर घेतला. बूट पाळीप्रमुखांनी रीतसर नोंद करून कुटुंबाकडे पोचवला.

घ यांचं नाव यादीत घेण्यावर वाद झाला. ‘ते तर दिवसा, वातानुकूलित खोलीत बसून ऐकतात’ असा सूर होता. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत कामाचा भाग म्हणून आघाताचे तपशील वारंवार किंवा तीव्रपणे समोर येणं हेही आघाताच्या व्याख्येत धरलं आहे, हे वैद्यकीय सल्लागारांनी दाखवलं, तेव्हा नाव राहिलं.

वेगळं बोलणं कसं झालं

प्रत्येकी 40 ते 45 मिनिटं, ड्युटीच्या वेळेत, पगारी, नियंत्रण कक्षापासून दूरच्या खोलीत. रात्रपाळीवाल्यांसाठी रात्री. बोलावताना ‘तुम्हाला त्रास होतोय का’ असं विचारलं नाही, तर ‘त्या कॉलशी संबंध आलेल्या दहाही जणांशी आम्ही बोलतोय’ असं सांगितलं. त्यामुळे खोलीत जाणं म्हणजे कमकुवत ठरणं, असा अर्थ राहिला नाही.

क्रम असा: घटनेआधी काय चाललं होतं, घटनेत काय घडलं, नंतर काय झालं. आधी घडलेल्या गोष्टी, मग त्या वेळी मनात काय आलं. भावना उकरायच्या नाहीत, आल्या तर थांबायचं. नेमके प्रश्न ठरलेले होते. झोप किती तुटते? नको असताना काय परत येतं: आवाज, चित्र, वास? स्वतःला दोष देता का, कशाबद्दल? कामातलं काही टाळायला लागलात का? दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या का? घरी कुणाला माहीत आहे? आधी असं काही वाट्याला आलं होतं का? उत्तरं एका कागदावर खुणांपुरती. तो कागद सेवापुस्तकात जाणार नाही आणि चौकशीत वापरला जाणार नाही, हे लेखी दिलं होतं.

क यांच्याबाबतीत परत येत होती ती मोजणी. गाडीचा इंडिकेटर टिकटिकायला लागला की त्यांच्या डोक्यात आकडे सुरू होत. चित्र नव्हतंच. आवाजातून आलेल्या आघाताचं हे वेगळेपण विचारल्याशिवाय कळत नाही, कारण बहुतेक तयार प्रश्नावल्या ‘डोळ्यांपुढे येतं का’ इथूनच सुरू होतात आणि कॉल घेणारा माणूस खरेपणाने ‘नाही’ म्हणतो.

ग यांची गोष्ट निराळी निघाली. त्यांना मुलाचं जाणं सलत होतंच, पण रात्री जाग येत होती ती जमावामुळे. उशीर झाला म्हणून लोक अंगावर आले होते आणि ग व त्यांच्या चालकाने गाडीत शिरून दार लावून घेतलं होतं. त्यांना हवा होता तो घटनास्थळी पाठबळ मागवण्याचा स्पष्ट नियम आणि तो मागितल्यावर प्रश्न न विचारता पाळला जाईल याची खात्री. नियम आठवड्याभरात लेखी झाला. झोपेसाठी ते डॉक्टरांनी दिलेली बेन्झोडायझेपाइन गटातली गोळी घेत होते. आघातानंतरचा विकार टाळण्यासाठी ही औषधं देऊ नयेत असं मार्गदर्शिका सांगतात. पण गोळी स्वतःहून एकदम बंद करायला न सांगता त्यांना वैद्यकीय सल्लागारांकडे पाठवलं.

खरी माहिती

मूल गेल्यानंतर क यांना तिघांनी सांगितलं होतं की गाडी वेळेवर पोचली असती तरी काही फरक पडला नसता. त्या दिलाशावर त्यांचा विश्वास बसला नाही, कारण सांगणाऱ्यांपैकी कुणालाच ते माहीत असणं शक्य नव्हतं.

वैद्यकीय सल्लागारांनी रेकॉर्डिंग ऐकून त्यांना समोर बसवून सांगितलं: “तुम्ही सांगितलेला क्रम बरोबर होता. वेग बरोबर होता. दुसरी खूण विचारतानाही तुमची मोजणी तुटली नाही. सात मिनिटांचा उशीर झाला, त्याने किती फरक पडला हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही.” शेवटचं वाक्य गाळावं की नाही यावर आधी मतभेद होते. ते ठेवलं, आणि नंतर क यांनी सांगितलं की त्याच वाक्यामुळे आधीच्या तीन वाक्यांवर त्यांना विश्वास ठेवता आला.

कामातले बदल

पहिला बदल रांगेत केला. लहान मुलाचा मृत्यू, फोनवरचा सीपीआर किंवा कॉल चालू असताना झालेला मृत्यू, अशा कॉलनंतर 15 मिनिटं रांगेबाहेर. विरोध आला तो मनुष्यबळाच्या नावाने. मग हिशेब मांडला. या कक्षात असे कॉल पाळीला सरासरी दोन. दोन वेळा पंधरा म्हणजे 30 मिनिटं. सहा जणांचे आठ तास म्हणजे 2880 मिनिटं. वजावट साधारण एक टक्का. विरोध तिथे संपला.

पण पहिल्या महिन्यात ही सवलत फारशी कुणी घेतलीच नाही. कारण शोधायला पाळीप्रमुखाच्या खुर्चीवर बसावं लागलं: विरामाचं बटण दाबलं की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या माणसाचं नाव लाल अक्षरांत ‘अनुपलब्ध’ म्हणून झळकत होतं. रंग बदलला, नावाऐवजी खुर्चीचा क्रमांक आला, आणि विराम मागण्याऐवजी पाळीप्रमुखाने तो आपणहून लावायचा असं ठरलं. नको असेल तर कर्मचाऱ्याने नाही म्हणावं. तेव्हापासून तो वापरात आला.

दुसरा बदल शेवट कळवण्याचा. अशा कॉलचं पुढे काय झालं हे पाळीप्रमुखाने त्याच पाळीत, खाजगीत, कॉल घेणाऱ्याला सांगायचं. आधी एकच प्रश्न: “तुम्हाला कळवू का?” काहींना नको असतं, तेही ठीक.

तिसरा तपासनिसांसाठी. आधी लेखी उतारा वाचायचा, आवाज गरजेच्या भागापुरताच ऐकायचा. हेडफोनऐवजी स्पीकर, आवाज लहान. दिवसाला गंभीर कॉल दोनच, आणि ते दिवसाच्या शेवटी नाहीत. एकच कॉल तीनदा ऐकावा लागणार असेल तर दुसरा तपासनीस वाटून घेईल.

क यांचं कामावर परतणं

क यांना रजा नको होती, हेडसेटही सोडायचा नव्हता. काही दिवस नोंदणीच्या टेबलावर बसवावं असा एक विचार होता. दुसरा, हवं तसं काम करू द्यावं. मधला मार्ग निघाला: पहिले दोन आठवडे दिवसपाळी, शेजारी दुसरा हेडसेट लावून एक अनुभवी सहकारी. लहान मुलांचे कॉल गाळले नाहीत. पहिला शब्द ऐकेपर्यंत कॉल कशाचा हे कळत नाही, म्हणून गाळणं शक्य नव्हतं, आणि टाळत राहिलं तर भीती वाढते हेही खरं. सोबतच्या माणसाने कॉल कधी हाती घ्यायचा याची खूण ठरवून ठेवली होती: क यांनी डावा हात टेबलावर सपाट ठेवायचा. तो हात दोन आठवड्यांत एकदाच ठेवला गेला.

बाराव्या दिवशी मात्र गडबड झाली. क यांच्या कॉलचा सरासरी वेळ अडीच मिनिटांवरून चारच्या पुढे गेला होता. त्या पत्ता तीन-तीनदा विचारत होत्या आणि गाडी पोचेपर्यंत फोन सोडत नव्हत्या. दिवसपाळीच्या प्रमुखांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, कारण बोलणं गोपनीय होतं. त्यांनी नियमाप्रमाणे ‘गती कमी’ असा लेखी शेरा दिला. क यांनी तो घेऊन समुपदेशकांचं टेबल गाठलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

गोपनीयता इथे चुकीच्या जागी लागली होती. प्रमुखांना क यांच्या मनातलं काही कळण्याची गरज नव्हती, कामापुरतं कळणं गरजेचं होतं. त्यानंतर पद्धत अशी झाली: कर्मचाऱ्याला विचारून, त्याच्यासमोरच वाक्य ठरवायचं आणि तेवढंच प्रमुखांना सांगायचं. या प्रकरणात वाक्य होतं: “पुढचे तीन आठवडे यांच्या कॉलची वेळ मोजू नका.” कारण नाही, तपशील नाही. शेरा मागे घेतला गेला.

चौकशी आणि एक पत्र

चौकशी करणारे आणि आधार देणारे वेगळे हवेत, हे बैठकीत ठरलं होतं. पण आस्थापना अधिकारी दोन्हीकडे होते. पहिल्या दिवशीच गाडी चुकल्याची नोंद झाली असल्याने कार्यालयाच्या नेहमीच्या पद्धतीने सहाव्या दिवशी ख यांना पत्र गेलं: तीन दिवसांत खुलासा सादर करावा. खाली सही त्याच अधिकाऱ्याची, ज्यांनी आदल्या दिवशी फोन करून ‘काळजी करू नका, आम्ही आहोत’ असं म्हटलं होतं. त्यांनी पत्र मुद्दाम पाठवलं नव्हतं. सह्यांच्या गठ्ठ्यात ते पुढे सरकलं. ख यांनी त्यानंतर आधार-सहकाऱ्यांना भेटायला नकार दिला.

पाच आठवड्यांनी तांत्रिक कारण हाती आलं. एकाच नावाच्या दोन वस्त्या असताना यंत्रणा यादीतली पहिली आपोआप निवडत होती आणि दुसरी आहे याची सूचना देत नव्हती. आधीच्या नोंदी काढल्यावर असं पूर्वीही घडल्याचं दिसलं, फक्त तेव्हा कुणी दगावलं नव्हतं. यंत्रणा बदलली: सारखं नाव असेल तर दोन्ही पर्याय दिसतात, खूण भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, आणि कॉल घेणाऱ्याने पत्ता परत वाचून दाखवायचा. क यांच्या स्वतःला दोष देण्यात सर्वांत मोठा उतार या बदलानंतर पडला. कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त.

ख यांना हे तोंडी सांगण्यात आलं. खुलाशाचं पत्र मात्र लेखी मागे घेतलं गेलं नाही.

परिणाम

दुसरं बोलणं 31 ते 34 दिवसांच्या दरम्यान झालं. ख सोडून नऊ जण आले. सोबत आघातोत्तर ताणविकाराची लक्षणं मोजणारी पीसीएल-5 ही 20 प्रश्नांची प्रश्नावली दिली. तिचे गुण 0 ते 80 असतात, आणि 31 ते 33 च्या वर गेल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी असं मानतात. ते निदान नव्हे. सहा जणांचे गुण किरकोळ होते. क यांचे 19, ग यांचे 27.

घ यांचे 41 होते. सहाव्या दिवशीच्या बोलण्यात त्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी कळलं की आईचा आवाज त्यांना रोज येतो, आणि आपल्या मुलीला आंघोळ घालणं त्यांनी महिनाभर टाळलं आहे. तपासणीचा बदललेला नियम त्यांना लागू झाला होता, पण तोवर तो कॉल चार वेळा ऐकून झाला होता. त्यांना आघातावर केंद्रित बोधवर्तन उपचारासाठी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) पाठवलं. अशा उपचाराची सत्रं साधारण 8 ते 12 असतात. त्यांची 11 झाली, सगळी कामाच्या वेळेत. सहा महिन्यांनी ते त्याच टेबलावर होते, आणि कोणतं रेकॉर्डिंग कुणी ऐकायचं हे ठरवण्याचं काम त्यांनी मागून घेतलं होतं.

क दोन महिन्यांनी पुन्हा रात्रपाळीला लागल्या. इंडिकेटरची टिकटिक अजून कधी कधी त्यांना पकडते, पण आता ती गाडीचीच असते, असं त्या म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तासाबद्दल दुमत नाही. पाळीप्रमुख दहा पावलांवर होता. एकोणीस मिनिटं मोजणी ऐकू येत होती, आणि फोन बंद झाल्यावर क यांचं नाव रांगेतून काढायला एक क्लिक पुरला असता. तो अधिकार पाळीप्रमुखाला होता की नाही हेच त्याला माहीत नव्हतं. आता त्याच्या टेबलावर एका ओळीची सूचना चिकटवलेली आहे.

प्रशिक्षित सहकारी सहाव्या दिवशी नव्हे, तिसऱ्या दिवशी हवे होते. आता प्रत्येक पाळीतले दोघे प्रशिक्षित आहेत, आणि आपल्याच पाळीतल्या माणसाशी त्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे, कारण तो कॉल त्यांनीही ऐकलेला असू शकतो.

रेकॉर्डिंग चार वेळा ऐकण्याची गरज नव्हती. वैद्यकीय सल्लागार, चौकशी, गुणवत्ता आणि तांत्रिक विभाग यांनी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे उतारे मागितले, म्हणून ते घडलं. चौघांनी एकदाच काय हवं ते लिहून दिलं असतं तर एकदा ऐकून भागलं असतं. ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होती आणि तीच कुणाला सुचली नाही.

आस्थापना अधिकारी आता आधाराच्या बैठकीत नसतात. अशा घटनेशी जोडलेल्या माणसाला जाणारं कुठलंही पत्र कक्षप्रमुखांनी वाचल्याशिवाय सुटत नाही, आणि दोष नसल्याचं निष्पन्न झालं की सात दिवसांत तसं लेखी कळवलं जातं.

ख यांनी सातव्या आठवड्यात राजीनामा दिला होता. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असं लिहिलं होतं. पत्र मागे घेत असल्याचं आणि चूक यंत्रणेची असल्याचं सांगणारा कागद त्यांना चौथ्या महिन्यात घरच्या पत्त्यावर पाठवला गेला. पोच आली, उत्तर आलं नाही.